सान्सुसीचे कारंजे आणि ऑयलरवरचा ठपका

शाळेच्या बागेत किंवा घराच्या अंगणात छोटे कारंजे उभारणे आज अवघड राहिलेले नाही. विजेवर चालणारा लहानसा पंप, हातभर नळी आणि पाण्याचे टाके एवढ्यावर काम भागते. पण अशाच एका कारंज्यापायी अठराव्या शतकात एका राजाची आयुष्यभर निराशा झाली, आणि तिचा दोष त्या काळच्या अग्रगण्य गणितज्ञाच्या माथी मारला गेला. पुस्तकी ज्ञान व्यवहारात कसे फसते, याचा दाखला म्हणून ही गोष्ट पुढे वर्षानुवर्षे सांगितली गेली. ती कितपत खरी आहे, हे आपण तपासून पाहू.

प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने बर्लिनजवळ पोट्सडॅम येथे 1745 ते 1747 या काळात सान्सुसी हा राजवाडा बांधला. फ्रान्समधल्या व्हर्सायच्या बागेसारखी कारंजी आपल्याही बागेत असावीत, ही त्याची हौस. मुख्य कारंज्याची धार सुमारे 100 फूट उंच जावी, असे ठरले.

आता 100 फूट म्हणजे साधारण 30 मीटर. उंच टाकीतून नळीने खाली आलेले पाणी, काही झाले तरी, टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर उडत नाही. नळीतले घर्षण आणि हवेचा विरोध यांमुळे ते थोडे खालीच राहते. म्हणजे टाकी 30 मीटरपेक्षा बरीच उंच हवी. म्हणून 1748 मध्ये जवळच्या टेकडीवर मोठा हौद बांधण्यात आला. हाफेल नदीचे पाणी कालव्याने बागेपाशी आणायचे, पवनचक्कीवर चालणाऱ्या पंपांनी ते टेकडीवर चढवायचे आणि तिथून नळांनी कारंज्यात सोडायचे, अशी योजना होती.

घोडे अडले ते नळांपाशी. पिंपाला जशा फळ्या जोडतात, तशा लाकडी फळ्या जोडून त्यांवर लोखंडी पट्ट्या ठोकून नळ तयार केले होते. पाण्याच्या दर 10 मीटर उंचीमागे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे 1 किलो वजनाइतका दाब पडतो. टेकडीच्या पायथ्याशी हा दाब किती होत असेल, याचा अंदाज आपणही करू शकतो. पंप सुरू झाले आणि नळ फुटले.

त्यानंतर, 1749 मध्ये, राजाने लिओनार्ड ऑयलरचे मत विचारले. ऑयलर तेव्हा बर्लिनच्या विज्ञान अकादमीत होता. त्याने गणित मांडले आणि जी गोष्ट हाती लागली, ती कारागिरांच्या ध्यानात आलेली नव्हती.

भरलेली बैलगाडी जागची हलवताना बैलांना जास्त जोर लावावा लागतो. चालू लागली की तेवढा लागत नाही. नळातल्या पाण्याचेही तसेच आहे. पंपाचा दट्ट्या दर खेपेला थांबतो आणि पुन्हा पुढे सरकतो. प्रत्येक वेळी लांबलचक नळातले सगळे पाणी नव्याने हलवावे लागते. त्यामुळे नळावर पडणारा दाब केवळ हौदाच्या उंचीमुळे येणाऱ्या दाबाएवढा राहत नाही, तो कितीतरी वाढतो. त्यातून नळ अरुंद असेल तर आणखी पंचाईत. पंपाच्या नळकांड्याचा व्यास नळाच्या चौपट असेल, तर नळातल्या पाण्याला दट्ट्याच्या 16 पट वेगाने धावावे लागते!

ऑयलरने राजाला स्पष्ट कळवले की, आहे ही रचना तशीच ठेवली तर हौदात थेंबभरही पाणी चढणार नाही. सारा जोर यंत्र आणि नळ मोडण्यातच खर्ची पडेल. नळ अधिक रुंद करावेत आणि शिशाच्या नळांची जाडी प्रयोग करून ठरवावी, असा त्याचा सल्ला होता. नळातल्या घर्षणाचा नेमका हिशेब त्या काळी कोणालाच जमत नव्हता. पण दाबाविषयीचा मुख्य मुद्दा बरोबर होता.

सल्ला मात्र अमलात आला नाही. पैसा वाचवण्याकडे कल राहिला आणि कामावर जाणते कारागीर नेमले गेले नाहीत. 1754 मध्ये हौदात साठलेल्या पाऊस-बर्फाच्या पाण्यावर कारंजे थोडा वेळ उडाले, तेवढेच राजाच्या वाट्याला आले. 1778 मध्ये व्हॉल्टेअरला लिहिलेल्या पत्रात त्याने सारे खापर ऑयलरवर आणि भूमितीवर फोडले. ऑयलर तर 1766 मध्येच बर्लिन सोडून सेंट पीटर्सबर्गला गेला होता.

राजाचा शब्द टिकला. गणितज्ञाचे कागद दप्तरात राहिले. जर्मन विज्ञान-इतिहासकार मायकेल एकर्ट यांनी 2002 मध्ये ऑयलरची पत्रे आणि गणिते तपासून दाखवले की, अपयश गणिताचे नव्हते. दरम्यान 1842 मध्ये बोर्सिग कारखान्याचे वाफेचे इंजिन बसवल्यावर सान्सुसीच्या कारंज्याची धार 38 मीटरपर्यंत गेली होती. फ्रेडरिकला जाऊन तेव्हा 56 वर्षे झाली होती.

ऑयलरचा मुद्दा वर्गात सहज पटवता येतो. पाण्याचा नळ पूर्ण सोडून एकदम बंद केला की भिंतीतला पाइप धाडकन वाजतो. तो का वाजतो, हे विद्यार्थ्यांना विचारावे. वाहते पाणी अचानक थांबवताना दाब वाढतो; थांबलेले पाणी अचानक हलवतानाही तेच घडते. दुसरा प्रयोग नरसाळे आणि प्लॅस्टिकच्या नळीचा. नरसाळे नळीला जोडून उंच धरावे, त्यात पाण्याची पातळी कायम राखावी आणि नळीच्या खालच्या तोंडाला बारीक टोक बसवून धार किती उंच उडते ते मोजावे. मग तेच टोक तेवढ्याच लांबीच्या अरुंद नळीला बसवून पुन्हा मोजावे. उंची का कमी झाली, याची चर्चा मुलेच करतील.

आणि तेव्हा ही गोष्टही त्यांना जरूर सांगावी. एखादे काम फसले की 'पुस्तकात एक आणि प्रत्यक्षात एक' असे आपण चटकन म्हणून टाकतो. तसे म्हणण्यापूर्वी पुस्तकात नेमके काय लिहिले होते, आणि ते कोणी ऐकले होते का, एवढे तरी पाहायला हवे.