नाण्याऐवजी चिठ्ठी : भिक्षाप्रतिबंधाच्या इतिहासातील एक प्रकरण

१८१५ साली नेपोलियनबरोबरची युद्धे संपली आणि सेवामुक्त सैनिक, खलाशी व बेकार मजूर यांची लंडनच्या रस्त्यांवर गर्दी झाली. पार्लमेंटने नेमलेल्या समितीने १८१५-१६ मध्ये राजधानीतील भिकाऱ्यांच्या स्थितीची चौकशी केली. या पार्श्वभूमीवर १८१८ साली तेथे भिक्षाप्रतिबंधक संस्था स्थापन झाली.

संस्थेची कार्यपद्धती साधी होती. वर्गणीदारांना छापील चिठ्ठ्या मिळत. भिकाऱ्याच्या हातावर नाणे न ठेवता चिठ्ठी ठेवावयाची, आणि ती घेऊन त्याने संस्थेच्या कचेरीत जावयाचे. तेथे चौकशी होऊन त्यास अन्न अथवा काम मिळे; लबाड ठरल्यास त्यास दंडाधिकाऱ्यापुढे उभे करीत. दिलेला पैसा दारूत जाईल ही दात्याची धास्ती चिठ्ठीने नाहीशी केली. तथापि चिठ्ठीने केवळ दानाची वस्तू बदलली नाही. दाता आणि याचक यांच्यामध्ये कारकून आला. दात्याच्या मनातील संशय हे कचेरीचे काम झाले, आणि त्या संशयाचे निराकरण करण्याचा भार याचकावर पडला.

या संदर्भात शब्दांची साक्ष उद्बोधक आहे. भिक्षावृत्तीवाचक इंग्रजी ‘मेंडिसिटी’ हा शब्द लॅटिन ‘मेंडिकस’वरून आला असून त्याचा संबंध दोष वा व्यंग या अर्थाच्या ‘मेंडम’शी आहे. उलट संस्कृत ‘भिक्ष्’ हा धातू मुळात ‘भज्’ म्हणजे वाटा घेणे या धातूचे इच्छार्थक रूप होय. एका शब्दात याचकाचे व्यंग दिसते, दुसऱ्यात त्याची वाट्याची इच्छा. अर्थात व्युत्पत्तीवरून समाजाचे आचरण ठरत नाही. भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा मुंबई राज्यानेही १९५९ साली केलाच.

चिठ्ठीची कल्पना पुढेही टिकून राहिली. एप्रिल २००० पासून ब्रिटनने आश्रयार्थी निर्वासितांना साप्ताहिक मदतीचा बराचसा भाग व्हाउचरांच्या रूपाने दिला. खरेदी व्हाउचरच्या रकमेहून कमी झाली तरी दुकानदाराने सुटे पैसे परत द्यावयाचे नव्हते. तीव्र टीकेनंतर २००२ साली ही व्हाउचरे बंद झाली.

ज्या संशयावर ही पद्धती उभी आहे त्याची परीक्षाही झाली आहे. २०१८ मध्ये कॅनडातील व्हँकूवर येथे ५० बेघर व्यक्तींना प्रत्येकी ७,५०० डॉलर विनाअट देण्यात आले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अशी रक्कम न मिळालेल्या बेघरांच्या तुलनेत त्यांचा दारू-तंबाखूवरील खर्च वाढला नाही. वर्षभरातील बेघर अवस्थेचे दिवस मात्र सरासरीने ९९ नी कमी झाले. तीव्र व्यसन वा मानसिक विकार असलेल्यांना या पाहणीतून वगळले होते. त्यामुळे हा निष्कर्ष सर्वांस सरसकट लागू करता येणार नाही.

तरीही एवढे स्पष्ट होते की, चिठ्ठीचा मूळ आधार अनुभवसिद्ध ज्ञान हा नव्हता. तिने गरजूचे पोट काही अंशी भरले असेल. पण स्वतःची गरज कोणती हे ठरविण्याचा त्याचा अधिकार तिने दात्याच्या स्वाधीन केला.