गाईचा चीक, बाईचा चीक

गाय व्याली की चिकाचा खरवस होतो. शेजारी वाटी जाते, उरलेल्यावर पोरं भांडतात. आणि घरात सून बाळंत झाली की तिचा चीक? माझ्या वेळी सासूबाई म्हणाल्या, "पिवळं, घट्ट आहे गं, बाळाला बाधेल. पिळून टाक." मी टाकला. बाळाला दोन दिवस मध चाटवला.

सासूबाईंना तरी काय बोलणार? ही समजूत फार जुनी. सुश्रुतसंहितेत लिहिलंय, बाळंतिणीला दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतं, तोवर बाळाला मध-तूप द्यावं. आणि हे आपल्याकडेच होतं असंही नाही. दुसऱ्या शतकात रोममध्ये सोरानस नावाचा ग्रीक वैद्य होता. तो तर म्हणे, आईचं दूध वीस दिवस नकोच! पुढे १७४८ साली इंग्लंडच्या विल्यम कॅडोगन या डॉक्टरानं उलट लिहिलं, की पहिल्या दुधानं बाळाचं पोट साफ होतं, ते हिरावून घेतलं तर बाळाचं नुकसानच. यायला किती शतकं गेली बघा.

चीक असतो चमचा-दोन चमचेच, पण नव्या बाळाचं पोटही तेवढंच. पहिली काळी शी त्यानं सुटते, आणि रोगाशी लढायची ताकद त्यातूनही मिळते. मधात मात्र असे जंतू असू शकतात जे तान्ह्या बाळाला झेपत नाहीत, म्हणून वर्षाच्या आत मध नको. जुनं सगळंच वाईट नव्हतं हं. सव्वा महिना विश्रांती, अळिवाची खीर, बाळ आईच्या कुशीत, दोन-दोन वर्षं अंगावर पाजणं, हे आजीचंच शहाणपण.

१९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आईच्या दुधाची बँक सुरू केली, आशियातली पहिली. बँक म्हटलं की आपल्याला पासबुक आठवतं. तिथं दूध जमा होतं, आणि ज्या अशक्त बाळांना आईचं दूध मिळत नाही त्यांना दिलं जातं.

हे मी मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत सांगितलं. आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या आजी बोटं मोजत बसल्या. "सात बाळंतपणं. सातही वेळा टाकला. दोन लेकरं महिन्याच्या आत गेली. त्यानंच का गं?"

मी म्हटलं, "आजी, ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग हप्त्याचे पैसे पुढे केले आणि म्हणाल्या, "नातसुनेचे दिवस भरलेत. दवाखान्यात तिच्यासोबत मीच जाते."