कोकणातील मिठागरे आणि मिठातील बंध

उत्तर कोकणातील खाड्यांच्या काठी, विशेषतः उरण, पेण, वसई, भाईंदर आणि मुंबई बेटांच्या परिसरात, मीठ पिकविण्याचा व्यवसाय आगरी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. या व्यवसायाचा इतिहास बहुधा कर आणि सत्याग्रह यांच्या संदर्भात लिहिला जातो. परंतु खाऱ्या पाण्यातून नेमके खाण्याचे मीठ वेगळे काढण्याचे जे कसब आगऱ्यांनी कमावले, तो या इतिहासाचा तितकाच मोलाचा भाग आहे.

पावसाळा सरला की फुटलेले बांध दुरुस्त केले जात, वाफ्यांचे तळ पायांनी तुडवून घट्ट केले जात आणि उधाणाच्या भरतीचे पाणी आत घेऊन ते एका वाफ्यातून दुसऱ्या, अधिक उथळ वाफ्यात टप्प्याटप्प्याने फिरविले जाई. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात आणि त्यांपैकी तीन चतुर्थांशांहून थोडा अधिक भाग सोडियम क्लोराइडचा, म्हणजे खाण्याच्या मिठाचा असतो. ऊन-वाऱ्याने पाणी आटू लागले की कमी विरघळणारे कॅल्शियमचे क्षार, त्यांत मुख्यतः जिप्सम, आधी तळाशी बसतात; पाणी मूळच्या सुमारे एक दशांशावर आले की मिठाचे स्फटिक धरू लागतात; आणि मॅग्नेशियमचे क्षार शेवटच्या कडू पाण्यात उरतात. म्हणूनच पाणी पुढच्या वाफ्यात केव्हा सोडायचे आणि उरलेले कडू पाणी केव्हा काढून टाकायचे, या दोन निर्णयांवर मिठाची प्रत ठरत असे.

या क्रमामागचे कारण विज्ञानाला बऱ्याच उशिरा उमगले. हम्फ्री डेव्ही यांनी 1807 मध्ये वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून विजेच्या साहाय्याने सोडियम हा धातू वेगळा केला आणि क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे 1810 मध्ये दाखवून दिले. पुढे 1916 मध्ये वाल्टर कोसेल यांनी धातू व अधातू यांच्या संयोगाची उपपत्ती मांडली. सोडियमच्या बाह्यतम कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो आणि क्लोरीनची तशी कक्षा भरण्यास एकच इलेक्ट्रॉन कमी पडतो. तो एकाकडून दुसऱ्याकडे गेला की सोडियम धनभारित आणि क्लोरीन ऋणभारित होतो. अशा विद्युतभारित कणास आयन म्हणतात आणि विरुद्ध भारांच्या आयनांना एकत्र धरून ठेवणाऱ्या आकर्षणास आयनिक बंध म्हणतात. मिठाच्या खड्यात प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध भाराचे सहा आयन असतात. त्याचे स्फटिक घनाकार दिसतात आणि ते वितळण्यास 801 अंश सेल्सिअस तापमान लागते, ही दोन्ही या रचनेचीच फळे होत. मॅग्नेशियम मात्र दोन इलेक्ट्रॉन गमावतो, त्याचा आयन लहान आणि दुप्पट भाराचा असल्याने पाण्याच्या रेणूंना घट्ट धरून ठेवतो; त्यामुळे कडू पाणी वेळेवर न काढल्यास मीठ कडवट लागते आणि दमट हवेत पाझरते. आयनांची कल्पनाही नसताना आगऱ्यांनी हा भेद निरीक्षणाने ओळखला होता आणि त्यानुसार आपल्या कामाची पद्धत बसविली होती.

किनाऱ्यावरील या उत्पन्नाचे महत्त्व राज्यकर्त्यांनीही जाणले होते. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशाचे मीठ स्वस्त पडत असल्याने व्यापारी तिकडे वळतील आणि स्वराज्यातील मिठाचा व्यापार बुडेल, हे ओळखून शिवाजी महाराजांनी 1671 मध्ये कुडाळचे अधिकारी नरहरी आनंदराव यांना त्या मिठावर जबर जकात बसविण्याची आज्ञा केली. त्या धोरणात स्थानिक उत्पादकाचे संरक्षण होते. ब्रिटिशांच्या 1882 च्या मीठ कायद्याने मात्र मीठनिर्मिती सरकारी मक्तेदारीखाली आणून सामान्य माणसाच्या अन्नावरच कर लादला. मे 1930 मध्ये शिरोडा आणि वडाळा येथे झालेल्या सत्याग्रहांनी याच अन्यायाला आव्हान दिले.

मुंबईच्या विस्तारात मिठागरांचे क्षेत्र आक्रसत गेले आणि त्यांबरोबर पाण्याची पारख असलेले हातही कमी झाले. कोकणाच्या इतिहासात या व्यवसायाची नोंद केवळ जमीन आणि महसूल यांच्या आकड्यांनी पुरी होणार नाही. आगऱ्यांच्या कसबाला अनुभवसिद्ध रसायनविद्या म्हणून तिच्यात स्थान मिळाले पाहिजे.