अंतरमापक कॅमेरा आणि विस्तृत दृष्टीचें भिंग

जर्मनींतील वेट्झलार हें लान नदीच्या कांठचें लहानसें शहर. सूक्ष्मदर्शक यंत्रें बनविणारा लाइट्झ यांचा कारखाना ही त्याची जुनी ओळख. या कारखान्यांत १९११ सालीं ऑस्कर बार्नाक नांवाचा एक कुशल यंत्रज्ञ नोकरीस लागला. त्यास छायाचित्रणाचा मोठा नाद. परंतु दम्याचा विकार असल्यानें त्या काळचा अवजड कॅमेरा, तिपाई आणि कांचेच्या पाट्या यांचें ओझें वाहून डोंगर चढणें त्याच्या शक्तीबाहेरचें होतें. एका मनुष्याच्या प्रकृतीची ही उणीव पुढें साऱ्या छायाचित्रकलेस उपकारक ठरली.

सिनेमाची फिल्म ३५ मिलिमीटर रुंदीची असे व तिच्यावरील प्रत्येक चित्र १८ × २४ मिलिमीटरचें. बार्नाकनें अशा दोन चित्रांची जागा एकत्र करून २४ × ३६ मिलिमीटरचें चित्र घेणारा, कोटाच्या खिशांत मावणारा कॅमेरा १९१३-१४ च्या सुमारास सिद्ध केला. मध्यंतरीं महायुद्ध आलें; युद्धानंतर जर्मन चलन कोसळलें. अशा स्थितींतहि दुसरे अर्न्स्ट लाइट्झ यांनीं १९२४ मध्यें हा कॅमेरा बाजारांत आणण्याचा निर्णय घेतला. १९२५ च्या लाइपझिग येथील जत्रेंत तो ‘लायका’ या नांवानें लोकांसमोर आला. त्याचें ५० मिलिमीटर केंद्रांतराचें भिंग माक्स बेरेक या शास्त्रज्ञानें रचिलें होतें.

या चिमुकल्या यंत्रांत एक वैगुण्य मात्र राहून गेलें होतें. चित्र स्पष्ट येण्यासाठीं समोरील वस्तु किती अंतरावर आहे हें जाणून भिंग पुढेंमागें सरकवावें लागतें. मोठ्या कॅमेऱ्यांत मागील दुधी कांचेवर प्रतिमा पाहून हें साधे. लायकांत तशी कांच नव्हती. अंतर अदमासानें ठरवावें, नाहीं तर वर बसविण्याचें निराळें अंतरमापक यंत्र घेऊन मोजावें व तो आंकडा भिंगावर लावावा, एवढाच उपाय होता. तोंवर समोरचा मनुष्य चार पावलें पुढें गेलेला असे.

अंतरमापकाचें तत्त्व शाळेंतील भूमितीइतकें साधें आहे. त्रिकोणाचा पाया आणि पायालगतचे दोन कोन ठाऊक असले म्हणजे समोरचा शिरोबिंदु किती दूर आहे हें काढतां येतें. यंत्रांत दोन लहान खिडक्या असतात. त्यांमधील अंतर हा पाया. दोहोंतून दिसणाऱ्या प्रतिमा आरसे व लोलक यांच्या साहाय्यानें एकाच डोळ्यापुढें आणिल्या जातात. त्यांतील एक प्रतिमा फिरवीत दुसरीवर तंतोतंत बसविली कीं कोन समजला, व कोन समजला कीं अंतर कळलें. ग्लासगो येथील बार आणि स्ट्राउड यांनीं याच तत्त्वावर आरमारासाठीं मोठमोठे अंतरमापक बनविले होते. १९१६ सालीं कोडॅक कंपनीनें आपल्या एका कॅमेऱ्यांत अंतरमापक प्रत्यक्ष भिंगाशीं जोडून दाखविला. १९३२ मध्यें दुसऱ्या लायकाला ही जोडणी मिळाली व त्याच वर्षीं झाइस इकॉन कंपनीचा ‘कॉन्टॅक्स’ही तिच्यासह बाजारांत आला. आतां बोटानें भिंग फिरवितांच दोन प्रतिमांची एक होई आणि मोजणें व जुळविणें हीं दोन्ही कामें एकाच हालचालींत उरकत.

याच सुमारास विस्तृत दृष्टीचीं भिंगें या लहान कॅमेऱ्यांस लाभलीं. १९३० सालीं ३५ मिलिमीटरचें ‘एल्मार’ व १९३५ सालीं २८ मिलिमीटरचें ‘हेक्टर’ निघालें. केंद्रांतर जितकें लहान, तितका दृश्याचा मोठा भाग चित्रांत येतो. ५० मिलिमीटरचें भिंग सुमारें ४७ अंशांचा प्रदेश व्यापतें, ३५ चें सुमारें ६३, तर २८ चें सुमारें ७५. परंतु असें भिंग बनविणें सोपें नव्हे. तिरपे येणारे किरण कडेला पोहोंचेपर्यंत दुबळे होतात. साध्या भिंगांत हा प्रकाश कोनाच्या कोज्येच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणांत घटतो. ४५ अंशांवर तो मध्याच्या केवळ एक चतुर्थांश उरतो. चित्राचे कोपरे काळवंडतात तें यामुळेंच. रशियाचे मिखाइल रुसिनोव्ह व जर्मनीचे लुडविग बेर्टेले यांनीं दोन्ही बाजूंस मोठीं वक्र भिंगें योजून हा दोष पुष्कळ कमी केला. बेर्टेलेचें २१ मिलिमीटरचें ‘बायोगॉन’ १९५४ च्या सुमारास आलें आणि ९० अंशांचें दृश्य या चिमुकल्या फिल्मवर उतरूं लागलें.

येथें अंतरमापक कॅमेऱ्याची रचना उपयोगी पडली. ज्या कॅमेऱ्यांत भिंगामागें आरसा हलतो, त्यांत भिंगाचा मागील भाग फिल्मजवळ आणतां येत नाहीं. त्यासाठीं उलट्या दुर्बिणीसारखी निराळी घडण करावी लागते, व ती ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यांसाठीं फ्रान्समधील आंझेन्यू यांनीं १९५० सालीं पुढें आणिली. अंतरमापक कॅमेऱ्यांत आरसाच नाहीं. म्हणून भिंग फिल्मला अगदीं भिडवितां येतें, व तें लहान, हलकें आणि सरळ रेषा सरळ राखणारें होऊं शकतें.

वापराच्या दृष्टीनेंहि या दोहोंची जोडी नैसर्गिक आहे. सुरुवातीच्या लायकाच्या अंतरमापकाचा पाया अवघा चार सेंटिमीटरांच्या सुमाराचा. लांब केंद्रांतराच्या भिंगास तो अपुरा पडे. विस्तृत दृष्टीच्या भिंगाची गोष्ट वेगळी. त्याची स्पष्टता पुढेंमागें इतकी पसरलेली असते कीं मोजमापांतील लहानशी चूक चित्रांत उमटत नाहीं. भिंगाच्या कड्यावर अंतराचे आंकडे व त्याखालीं छिद्राचे आंकडे कोरलेले असतात. २८ मिलिमीटरच्या भिंगाचें छिद्र आठ या आंकड्यावर ठेवून अंतर सुमारें ३.३ मीटरवर लावलें, तर १.६५ मीटरपासून क्षितिजापर्यंत सारें स्पष्ट येतें. मग अंतरमापकांत पाहण्याचीहि गरज उरत नाहीं. कॅमेरा डोळ्याशीं आणावा, चाप दाबावा, खालीं घ्यावा. कित्येक छायाचित्रकार कड्याला असलेल्या लहानशा खुंटीची जागा बोटानें चांचपून, न पाहतांच, अंतर लावीत.

अडचणी नाहींत असें नव्हे. या कॅमेऱ्यांत डोळा भिंगांतून पाहत नाहीं, शेजारच्या खिडकींतून पाहतो. म्हणून जवळच्या वस्तूची चौकट किंचित् ढळते. फार रुंद भिंगासाठीं माथ्यावर वेगळी खिडकी बसवावी लागते. पण त्या खिडकींतून चौकटीबाहेरचेंही थोडें दिसतें. कोण चित्रांत शिरूं पाहत आहे, कोण निघून जात आहे, हें छायाचित्रकारास आधीं कळतें. आरशाच्या कॅमेऱ्यांत चाप दाबतांच दृष्टीपुढें अंधार येतो. येथें तो ऐन क्षण डोळ्यांदेखत घडतो.

या भिंगाची खरी परीक्षा मात्र भिंग घेणाऱ्या मनुष्याचीच परीक्षा होय. दृश्य रुंद झालें म्हणजे त्यांतील प्रत्येक मनुष्य लहान होतो. त्यास मोठा करण्याचा एकच मार्ग, तो म्हणजे जवळ जाणें. विल्यम क्लाइन यांनीं १९५४-५५ मध्यें न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर असें जवळ जाऊन चित्रें घेतलीं. चेहरे भिंगावर आदळल्यासारखे, कडा विरलेल्या, गर्दीचा श्वास चित्रांत आलेला. अमेरिकेंत त्यास प्रकाशक मिळाला नाहीं. तें पुस्तक १९५६ सालीं पॅरिसमध्यें निघालें. न्यूयॉर्कमध्येंच पुढें गॅरी विनोग्रंड यांनीं लायका व २८ मिलिमीटरचें भिंग घेऊन वर्षानुवर्षें चित्रें टिपिलीं. १९८४ मध्यें ते वारले तेव्हां न धुतलेल्या सुमारें २,५०० फिल्मच्या गुंडाळ्या मागें राहिल्या. जवळ जाण्याची ओढ किती अनावर होऊं शकते, याचा तो पुरावा आहे.

याउलट आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनीं बहुतेक आयुष्य ५० मिलिमीटरच्या भिंगावरच भागविलें. ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लींत बिर्ला भवनांत ते महात्माजींना भेटले. त्याच सायंकाळीं महात्माजींचा वध झाला. बिर्ला भवनाच्या फाटकावरून ती वार्ता सांगणाऱ्या पंडित नेहरूंचें अंधुक उजेडांतील छायाचित्र त्यांनींच घेतलें. दुःखांत बुडालेल्या जनसमुदायापासून किती अंतरावर उभें राहावें, हा प्रश्न त्या रात्रीं कोणत्याहि यंत्रानें सोडविला नसता.

आतां फिल्मची जागा विद्युत्-संवेदी पटलानें घेतली आहे. अंतरमापक पद्धतीचे असे कॅमेरे २००४ मध्यें एप्सननें व २००६ मध्यें लायकानें आणिले. तेव्हां पुन्हां जुनी अडचण उभी राहिली. फिल्मला भिडलेल्या भिंगाचे अति तिरपे किरण या पटलास मानवेनात. त्यासाठीं पटलाच्या कडेकडेचीं सूक्ष्म भिंगें किंचित् सरकवून बसवावीं लागलीं. दुसरीकडे आपोआप अंतर जुळविणारे कॅमेरे आज सर्वत्र झाले आहेत. तरीहि हातानें फिरविण्याचें भिंग व दोन प्रतिमांची एक करणारी खिडकी अद्याप बनत आहे आणि ती घेणारे लोकहि आहेत.

याचें कारण केवळ जुन्याची आवड हें नसावें. दूरचें भिंग घेऊन पलीकडच्या फुटपाथवरून कोणाचेंहि चित्र त्याच्या नकळत चोरतां येतें. विस्तृत दृष्टीचें भिंग ती मुभा देत नाहीं. दीड-दोन मीटरांवर आलेल्या छायाचित्रकारास समोरचा मनुष्यहि पाहत असतो. तो हंसतो, रागावतो किंवा तोंड फिरवितो. खिडकींतील दोन प्रतिमा एक झाल्या म्हणजे यंत्रापुरतें अंतर ठरलें. पण तेथवर जाण्याचा अधिकार आपणांस आहे काय, हें ठरविण्याचें काम अजून कॅमेरा धरणाऱ्या हाताकडेच आहे.