ट्रॉम्बेची गाय आणि आपले नॅनोकण

नॅनोकणांवर पीएचडी चालू आहे असं सांगितलं, की उस्मानपुऱ्यात दोन प्रश्न हमखास येतात. हे नेमकं काय असतं? आणि हे इथं होतं का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. विरघळणाऱ्या टाक्यांचा धागा ज्या जातीच्या पॉलिमरचा असतो, त्याच जातीचं पॉलिमर ॲसिटोनमध्ये विरघळवायचं आणि ढवळत्या पाण्यात थेंब थेंब सोडायचं. केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पट बारीक कण तयार होतात. त्यांना किरणोत्सारी अणू जोडला, की ते शरीरात कुठं गेले हे कॅमेऱ्याला बाहेरून दिसतं. गाठीपाशी जमले, तर गाठ दिसते. एवढं कणकाम आपल्या उस्मानपुऱ्यातल्या शासकीय फार्मसी कॉलेजातही होण्यासारखं आहे. अडतं ते अणूपाशी.

4 ऑगस्ट 1956 ला ट्रॉम्बेची 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली, 1960 मध्ये 'सायरस'. 1963 मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं. थायरॉईडसाठी लागणाऱ्या आयोडीन-131 चं अर्धआयुष्य आठ दिवसांचं, म्हणजे रेल्वेनं कुठंही पाठवा. पण कॅमेऱ्याला सगळ्यात सोयीचा निघाला टेक्नेशियम-99एम, आणि तो सहा तासांत निम्मा होतो. मुंबईहून रात्रीच्या देवगिरीत ठेवला, तर पहाटे स्टेशनवर उतरेपर्यंत निम्म्याहून जास्त संपलेला!

यावर तोड काढली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेनं, 1950 च्या दशकाच्या शेवटी. लेकराऐवजी आईला पाठवायचं. मॉलिब्डेनम-99 चं अर्धआयुष्य 66 तास, आणि त्यातून टेक्नेशियम सतत तयार होत राहतं. रोज सकाळी तेवढं काढून घ्यायचं. जगभरचे तंत्रज्ञ या उपकरणाला 'गाय' म्हणतात आणि त्या कामाला 'दूध काढणं'.

आपली गाय मात्र वेगळी होती. ट्रॉम्बेला साध्या मॉलिब्डेनमवर न्यूट्रॉनचा मारा करून हा माल बनायचा. त्यात किरणोत्सारी अणू थोडे, साधे फार. परदेशी जनरेटरच्या छोट्या ॲल्युमिना नळीत तो मावेना. मग वर्षानुवर्षं आपल्याकडे मॉलिब्डेनमचं द्रावण रुग्णालयात पाठवलं जायचं, आणि तिथं ते मिथाईल इथाईल कीटोनबरोबर घुसळलं जायचं. टेक्नेशियम वरच्या थरात येतं, मॉलिब्डेनम खाली राहतं. ताक घुसळून लोणी काढावं तसंच. वरचा थर वेगळा करून उडवून द्यायचा, उरलेलं सलाईनमध्ये घ्यायचं. याला गरिबाची पद्धत म्हणून नाक मुरडणारे भेटतात. मला ती फार हुशारीची वाटते. पण तिला रोज सकाळी जाणता हात लागायचा, आणि ती माणसं, ती जागा असलेली रुग्णालयं मोठ्या शहरांतच. आपल्याकडचं शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू व्हायला 2012 उजाडलं.

आता कणांकडे. 'नॅनो' हा शब्द गाजण्याच्या खूप आधी, साठच्या दशकातच, टेक्नेशियम लावलेले गंधकाचे बारीक कण रुग्णांना टोचले जात होते. यकृतातल्या कुप्फर पेशी ते गिळायच्या, यकृत उजळायचं, आणि गाठ असेल तिथं काळा डाग. म्हणजे तेव्हा यकृतानं कण खाणं हेच तर हवं होतं! आज माझ्या क्षेत्रातली निम्मी धडपड यकृताला चुकवण्याची आहे. 1986 मध्ये मात्सुमुरा आणि माएदा या जपानी संशोधकांनी दाखवलं, की गाठीच्या गळक्या रक्तवाहिन्यांतून मोठे रेणू आत झिरपतात आणि तिथं साठतात. 1994 मध्ये अमेरिकेत पॉलिमरच्या कणांना पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं पांघरूण घातलं गेलं, म्हणजे पेशींना ते पटकन ओळखू येत नाहीत. उंदरात चित्रं झकास येतात. माणसात झिरपणं गाठीगाठीला वेगळं, आणि बराचसा माल अजूनही यकृतातच जातो.

शिवाय घड्याळाचा घोळ. पांघरूण घातलेला कण गाठीत साठायला कधी कधी दिवस घेतो, तोवर टेक्नेशियम सोळावा हिस्सा उरतं. 2002 मध्ये परळला देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन आला, पण तिथल्या फ्लोरीन-18 चं अर्धआयुष्य 110 मिनिटं. साडेपाच तासांचा प्रवास झाला, की आठवा हिस्सा हातात.

मग इथं होतं का? मला वाट दिसते ती 'कोल्ड किट'ची. ट्रॉम्बेनं हाडं, मूत्रपिंडं यांच्या स्कॅनसाठी ती कधीच बसवून दिली आहे. कुपीत कोरडी पूड, तिच्यात कथिलाचा क्षार (हो, कल्हईचंच कथिल). रुग्णालयात टेक्नेशियम ओतलं की औषध तयार. कण इथं बनवून पूड करून ठेवले, तर गायीची वाट बघत ते महिनोन्‌महिने थांबू शकतील. अडचण दोन ठिकाणी आहे. गोठवून वाळवताना कण एकमेकांना चिकटतात, म्हणून साखर घालावी लागते. आणि कुपीत जराशी हवा गेली, की कथिल आधीच खर्ची पडतं, मग टेक्नेशियम कणाला धरतच नाही. सध्या माझं काम या साखरेच्या प्रमाणावर अडलंय.