सोसायटीतला भाडेकरू

गावाकडे 'सोसायटी' म्हणजे पीककर्ज देणारी संस्था. मुंबई-पुण्यात सोसायटी म्हणजे राहती इमारत. दोन्हींचं कूळ एकच, असं सर्रास मानलं जातं. १९०४ च्या कायद्याने पतसंस्था आल्या, १९१२ च्या कायद्याने इतर सहकारी संस्थांना दार उघडलं आणि १९१५ मध्ये श्रीपाद सुब्राव तालमकींच्या पुढाकाराने गावदेवीत सारस्वत गृहनिर्माण संस्था निघाली. शब्दापुरतं हे पटतं. पण फ्लॅटच्या सोसायटीचे उपविधी उघडले की उपवर्गीकरणापुढे छापलेलं दिसतं : 'भाडेकरू सहभागीदारी गृहनिर्माण संस्था'. आयुष्याची पुंजी ओतून घर घेतलेला माणूस भाडेकरू कसा? पतसंस्थेच्या इतिहासात याचं उत्तर नाही. ते लंडनच्या ईलिंग उपनगरात आहे. मूळचे सुतार असलेले कामगार पुढारी हेन्री व्हिव्हियन यांनी १९०१ मध्ये तिथे 'ईलिंग टेनंट्स' उभी करायला हातभार लावला. घरं संस्थेची, राहणारा तिचा भागधारकही आणि तिचाच भाडेकरूही. भागांवरच्या लाभांशाला मर्यादा. जागेचा भाव चढला तरी नफा एकट्याच्या खिशात जायचा नाही. घर हे राहण्यासाठी, वाढीसाठी नव्हे, हा आर्थिक वाढीचा हव्यास सोडा म्हणणाऱ्या आजच्या 'डीग्रोथ'वाल्यांचा आग्रह तेव्हाच व्यवहारात उतरला होता.

यावर कुणी म्हणेल, गावदेवीची संस्था एका जातीची होती, तेव्हा तिचं मूळ ईलिंगमध्ये नसून ज्ञातीच्या आपलेपणात आहे. जातीने सभासद दिले, परस्परविश्वास दिला आणि इतरांना दारं बंदही केली, हे खरंच. पण वाड्याला धनी असतो, चाळीला मालक. भाडेकरूच मालकीत भागीदार, ही रचना दोन्हीकडे नव्हती. आणि 'भाडेकरू सहभागीदारी' हे जोडनाव 'टेनंट को-पार्टनरशिप' या इंग्रजी संज्ञेचं शब्दशः मराठी रूप आहे. असं विचित्र नाव दोन ठिकाणी आपोआप जन्मत नाही.

मग हा भाडेकरू गेला कुठे? १९६३ च्या 'मोफा' म्हणजे महाराष्ट्राच्या मालकी फ्लॅट कायद्याच्या चौकटीत बिल्डर आधी फ्लॅट विकतो, सोसायटी मागाहून होते, क्रमच उलटला. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा संस्थेतला फ्लॅट कर्जापोटी जप्त करून विकता येतो, असा निवाडा दिला. विकण्याची मुभा नसती तर पैसा कुणी घातला असता, हा आक्षेप वजनदार आहे. पण ईलिंगमध्ये तोच पैसा मर्यादित लाभांशावर उभा राहिला होता. फ्लॅटचा भाव कुठल्याकुठे गेला, तरी आदर्श उपविधींत भागाची दर्शनी किंमत पन्नास रुपयेच आहे.