ओळखीचा एक माणूस

९ जानेवारी १९४५ रोजी इंग्लंडातील श्रॉपशायर परगण्यात एका शेतघरी डेनिस ओ'नील हा १२ वर्षांचा मुलगा मार व उपासमार यांनी मरण पावला. वेल्समधील न्यूपोर्टच्या नगरपालिकेने त्याला तेथे संगोपनासाठी ठेविले होते. डिसेंबरात तिच्या कचेरीतील एक बाई येऊन त्याला पाहून गेल्या. मुलास ताबडतोब हलवावे, असे त्यांनी कळविलेही. त्याला कोणी हलविले नाही.

निराधार मुलाची काळजी कचेऱ्यांनी नव्हे, त्याला ओळखणाऱ्या एका व्यक्तीने वाहावी, असे मायरा कर्टिस यांच्या समितीने १९४६ मध्ये प्रतिपादिले. १९४८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांना बालक-अधिकारी नेमणे भाग पडले. कल्पना थोर खरी. परंतु ओळख व्हावयास वेळ लागतो, आणि तो कोणताही कायदा मंजूर करीत नाही! शिवाय कार्यकर्ता नोकरी सोडून गेला की ओळखही त्याच्याबरोबर जाते. मागे उरते ती फाईल. १९७१ मध्ये ही बालक-खातीही मोठ्या समाजसेवा-खात्यांत विलीन झाली.

२५ फेब्रुवारी २००० रोजी लंडनमध्ये ८ वर्षांची व्हिक्टोरिया क्लिम्बिए घरातील छळाने मेली. लॉर्ड लेमिंग यांच्या २००३ च्या अहवालाने मुख्य ठपका वरिष्ठांवर ठेविला, आणि ते योग्यच झाले. हॅरिंगे विभागात तिचे प्रकरण पाहणाऱ्या कार्यकर्तीकडे नियमाने १२ प्रकरणे असावयाची, ती होती १९. सुमारे सात महिन्यांत ती व्हिक्टोरियाला ४ वेळा भेटली. साऱ्या भेटी मिळून अर्धा तासही भरला नाही.